वहीतला मुरूम

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा पुण्याहून परतवाड्याला आला. तो संगणकाच्या क्षेत्रात काम करतो. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता म्हणाला, "मामा, तुम्ही उभं आयुष्य रोजगार हमीची मोजमापं घेतलीत. मला त्यावर दोन पानांचं माहितीपत्रक लिहून हवंय. साध्या मराठीत." मी म्हटलं, "लिहितो की. पण कोणासाठी? मजुरांसाठी की कारकुनांसाठी?" तो हसला आणि म्हणाला, "दोघांसाठीही नाही. यंत्रासाठी."

मग त्याने समजावून सांगितले. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून मोबाईलवर बोलणारा एक मदतनीस तयार करीत होते. मेळघाटातल्या मजुराने त्याला तोंडी विचारायचे, "या आठवड्याची मजुरी कमी का आली?" आणि त्याने तोंडीच उत्तर द्यायचे. हा मदतनीस बोलायला हुशार, पण हिशेबात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून त्याच्या हाताशी हिशेबाचे एक छोटे साधन दिलेले. कामाचा प्रकार, मातीचा प्रकार, लांबी, रुंदी, खोली, माती वाहून नेल्याचे अंतर आणि हजेऱ्या एवढे सांगितले की ते मजुरी काढून देते. गंमत अशी की, हे साधन केव्हा वापरायचे, त्याला काय पुरवायचे आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे त्या मदतनिसाला फक्त शब्दांत लिहिलेल्या माहितीवरून कळते. त्याने साधन आतून पाहिलेले नसते. डोंगर तर नाहीच नाही. जे लिहिले असेल तेवढेच त्याचे जग.

मला वाटले, एका संध्याकाळचे काम आहे. प्रत्यक्षात दिवाळी उजाडली. कारण लिहायला बसलो की पेन थांबायचे आणि मन चिखलदऱ्याला जायचे.

चिखलदरा म्हटले की आपल्याला धुके, गाविलगडाचा किल्ला आणि कॉफीचे मळे आठवतात. १८२३ साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेला हे पठार पडले आणि पुढे ते वऱ्हाडातले थंड हवेचे ठिकाण झाले. उंची अकराशे मीटरांच्या वर. पण पर्यटकांच्या रस्त्यावरून दोन वळणे आत गेले की दुसरा चिखलदरा सुरू होतो. कोरकूंची गावे, उतारावरची कोदो-कुटकीची शेते आणि डोंगराच्या अंगावर ओळीने खणलेले समपातळी चर. ते चर कोणीतरी खणले आहेत. प्रत्येक चराची लांबी, रुंदी, खोली कुठल्यातरी वहीत लिहिलेली आहे आणि त्या लिहिण्यावरून कोणाच्यातरी घरी धान्य आले आहे, किंवा आलेले नाही. त्यांतल्या काही वह्या माझ्या हातच्या आहेत.

'इतके काम, इतका मोबदला' हे कागदावर मांडण्याची खटपट आपल्याकडे जुनी आहे. तिचा उगम दुष्काळात आहे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात सरकारने खडी फोडणे, रस्ते, तलाव अशी कामे काढली. तेव्हा सर रिचर्ड टेम्पल यांनी असा हिशेब मांडला की, मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढे पुरे. कागदावर हिशेब जमला, पण एक पौंड धान्यावर दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे काय होते, हे कागदावर नव्हते. १८७७ च्या जानेवारीत मुंबई इलाख्यात हा दर लागू झाला, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसाने कामावर पाठ फिरवावी, याचा अर्थ सरकारी अधिकाऱ्यांना लागेना. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू मांडली.

त्या दुष्काळानंतर १८८० चा दुष्काळ आयोग झाला आणि त्यातून प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. इंग्रजीत त्यांना 'फॅमिन कोड' म्हणत. कोणाला कोणते काम द्यायचे, किती द्यायचे, काम कमी भरले तर मजुरी कशी कापायची, याचे हे सविस्तर नियम. आजच्या भाषेत बोलायचे तर कामाचा आणि मोबदल्याचा तो अधिकृत दस्तऐवज होता. त्यात एकच अडचण होती. तो इंग्रजीत होता आणि ज्याच्यासाठी लिहिला, त्याला त्याचा पत्ता नव्हता.

१८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला. तेव्हा लोकमान्य टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने जे केले, त्याची आठवण मला हे माहितीपत्रक लिहिताना वारंवार झाली. त्यांनी या संहितेतले नियम मराठीत आणून गावोगाव पोचवले. 'केसरी'तून समजावून सांगितले. सरकारने जे कबूल केले आहे तेच मागा, असा त्याचा मथितार्थ. यात नवे काही नव्हते, कायदा सरकारचाच होता. तरीही सरकारला ते इतके झोंबले की १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली. नियम लिहिलेला असणे वेगळे आणि तो ज्याच्यावर लागू होतो त्याला कळणे वेगळे. या दोहोंतल्या अंतरावर पुष्कळांची सत्ता टिकून असते.

आमचे वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. निजामाकडून इंग्रजांनी १८५३ मध्ये कारभारासाठी घेतलेला तो प्रांत. पण दुष्काळाला सीमा नसतात. १८९९-१९०० चा 'छप्पन्नाचा दुष्काळ' वऱ्हाडाने भयंकर भोगला. त्याची नावनिशाणी म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात माझ्या लहानपणापर्यंत होती.

स्वातंत्र्यानंतर हीच कल्पना अगदी वेगळ्या अर्थाने पुढे आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला. त्यामागचा विचार सरळ होता. ज्याला अंगमेहनतीची तयारी आहे, त्याला काम मिळालेच पाहिजे. ते दान नव्हे, हक्क आहे. १९७२ च्या दुष्काळाने ही कल्पना साऱ्या महाराष्ट्रापुढे आणली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. पैसा उभा करण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. मुंबईतला पगारदार दरमहा थोडी रक्कम देणार आणि त्यातून चिखलदऱ्याच्या डोंगरावर चर खणला जाणार, अशी ती सोय. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य.

या योजनेत मजुरी दिवसावर नव्हे, कामावर मिळायची. दरसूची अशी बेतलेली की, सर्वसाधारण ताकदीच्या माणसाने सात तास मन लावून काम केले तर त्याला शेतमजुराच्या किमान वेतनाइतके पैसे पडावेत. बाई आणि पुरुष, दोघांना दर एकच. तत्त्व उत्तम होते. पण सारा भार येऊन पडला तो मोजमापावर.

मोजमाप कसे चालते ते थोडक्यात सांगतो. खणताना मध्ये मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवतात. त्यावरून मूळ जमीन किती उंच होती ते कळते. टेप लावून लांबी, रुंदी, खोली घ्यायची. मग मातीचा प्रकार ठरवायचा. मऊ माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मांजऱ्या, पक्का खडक. प्रत्येकाचा दर निराळा. खणलेली माती किती लांब नेली, किती वर चढवली, त्याचे पैसे वेगळे. हे सारे मोजमाप पुस्तिकेत उतरवायचे. हजेरी मस्टरवर असते. टोळीच्या एकूण कामाची रक्कम काढून ती हजेऱ्यांवर वाटली की एकेकाची मजुरी निघते.

एक उदाहरण घ्या. आकडे हिशेबाला सोपे म्हणून मी धरलेले आहेत. दहा जणांच्या टोळीने सहा दिवसांत साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा २०० मीटर चर खणला. काम झाले ३६ घनमीटर, हजेऱ्या ६०. समजा मऊ मुरमाला घनमीटरमागे २०० रुपये दर आहे. एकूण ७,२०० रुपये झाले, म्हणजे माणशी दिवसाला १२०. आता समजा वहीत 'मऊ'च्या जागी 'कठीण' लिहिले आणि त्याचा दर ३५० आहे. एकूण १२,६०० रुपये, माणशी दिवसाला २१०. डोंगर तोच, चर तोच, घामही तोच. एका शब्दाने दिवसाला नव्वद रुपयांचा फरक पडला.

हा फरक मी पुस्तकातून शिकलो नाही. १९८४ साली मी नवखा कनिष्ठ अभियंता होतो. चिखलदऱ्याच्या पलीकडे एका गावाजवळ चरांचे काम चालू होते. होळीला तीन आठवडे उरलेले. कोरकूंची होळी म्हणजे आपली दिवाळी. कामासाठी कुठेही गेलेला माणूस होळीला गावी परततो. नवे कपडे, ढोल, पाच दिवस फगवा. साऱ्या वर्षाचा बाजार त्या पैशात होतो. मी मोजमाप घ्यायला पोचलो तेव्हा सूर्य मावळतीला लागला होता आणि जीप परत न्यायची घाई होती. लांबी-रुंदी बरोबर घेतली. मातीचा प्रकार मात्र पाहिला नाही. अंदाजपत्रकात 'मऊ मुरूम' लिहिलेले होते. अंदाजपत्रकापेक्षा वेगळे लिहायचे तर वरून मंजुरी आणावी लागे. मी तेच वहीत उतरवले.

वीतभर खाली कठीण मांजऱ्या होता. टिकाव आपटला की ठिणगी उडावी असा. मजुरी निम्म्याच्या आसपास आली.

बाजाराच्या दिवशी एक म्हातारी कोरकू बाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बरोबर गावचा आडा पटेल. तिने पदराची गाठ सोडली आणि एक दगड माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "साहेब, हा गोटा तुमच्या वहीत नाई दिसत."

आवाज चढलेला नव्हता. मी काहीतरी नियम सांगू लागलो, पण तिची नजर दगडावरच होती. पटेलही काही बोलला नाही.

होळी झाल्यावर मी पुन्हा गेलो, चर उकरून पाहिले आणि फरकाचा प्रस्ताव केला. तो मंजूर होऊन पैसे आले ते वैशाखात. तोवर टोळीतली निम्मी माणसे कामाच्या शोधात खाली मैदानात उतरली होती. जे हजर होते त्यांनी अंगठे उठवून पैसे घेतले. जे नव्हते त्यांची रक्कम काही काळ पडून राहिली आणि मग नियमाप्रमाणे खजिन्यात परत भरली गेली. भरणा करणारा मीच होतो. ती चलनाची पावती मला आजही डोळ्यांपुढे दिसते. दोष कार्यालयाचा काही होता, पण पहिला माझा होता. मी न पाहता लिहिले होते.

पुढे काळ बदलला. १९८८ साली किमान वेतन जवळपास दुप्पट झाले, तशी हमीची मजुरीही वाढली. पुढच्या काही वर्षांत राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेचे लोक मस्टर आणि बिले पाहायला मागू लागले. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. म्हणजे काय केले? सरकारी नोंदी सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचल्या. अमक्याने इतके दिवस काम केले, इतके पैसे घेतले. आणि तो अमका गर्दीतून उठून म्हणे, मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. नोंद मोठ्याने वाचली की खोटेपणा उघडा पडतो, हे त्या दिवशी देशाला कळले. माहितीच्या अधिकाराच्या चळवळीला तिथून बळ मिळाले. मला त्यात पुण्याच्या सभेने मराठीत आणलेल्या दुष्काळसंहितेचे धागे दिसतात.

२००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजी पहिल्या दोनशे जिल्ह्यांत तो लागू झाला, त्यांत अमरावती होता. गावकऱ्यांनी आपल्या गावच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण करावे, असे कायद्यातच लिहिलेले. मजुरी बँकेत जाऊ लागली. मस्टर संगणकावर निघू लागले. मेळघाटातली माणसे या कामांवर किती अवलंबून आहेत, हे चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतल्या मागणीवरून दरवर्षी दिसत राहिले. २०२५-२६ साली महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात दिवस शंभरांवरून १२५ केले आणि गैरप्रकार हुडकण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याची तरतूद केली. म्हणजे भाच्याने माझ्याकडे आणलेला विषय काही हवेतला नव्हता.

यंत्र नोंद करू लागले की फसवणूक थांबेल, असे आपल्याला वाटते. अनुभव काय आहे? १ जानेवारी २०२३ पासून कामाच्या जागी मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढून मोबाईलवर हजेरी लावणे सक्तीचे झाले. डोंगरात जिथे फोनला रेंज नाही तिथे खरोखर काम केलेल्यांची हजेरी लागेना. दुसरीकडे काय झाले, ते केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच २०२५ च्या जुलैमध्ये राज्यांना लिहिले. कुठे कामाशी संबंध नसलेले फोटो चढवलेले, कुठे फोटोचाच फोटो काढलेला, कुठे तीच माणसे अनेक मस्टरांवर. यंत्राला फोटो हवा होता, त्याला फोटो मिळाला. कामाचे काय ते यंत्राला ठाऊक नव्हते.

हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, आमच्याकडेही हेच होतं." आणि त्याने दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी आपल्याला सांगतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्याची एक रीत बक्षिसाची आहे. हवे ते केले की गुण द्यायचे, यंत्र जास्तीत जास्त गुण मिळवण्याची वाट आपली आपण शोधते. २०१६ साली ओपनएआय या अमेरिकन संस्थेने बोटींच्या शर्यतीचा एक संगणकखेळ यंत्राला खेळायला दिला. शर्यत पुरी करावी हा हेतू. पण गुण मिळत ते वाटेतल्या खुणांना धडकण्याबद्दल. यंत्राने एका कोपऱ्यात जागा शोधली आणि तिथेच गोल गोल फिरत, इतर बोटींना धडकत, पेट घेत गुण गोळा केले. शर्यत पुरी केलीच नाही. दुसरी गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षीची. संगणकातल्या एका हाताला चेंडू पकडायला शिकवीत होते. माणसे पडद्यावर पाहून सांगत, हे बरे, हे नाही. त्या हाताने चेंडू पकडण्याऐवजी कॅमेरा आणि चेंडू यांच्या मधोमध यायचे शिकून घेतले. पाहणाऱ्याला वाटे, चेंडू पकडला.

मला हसू आले आणि वाईटही वाटले. फोटोचा फोटो काढणारा आमचा माणूस आणि कॅमेऱ्यापुढे खोटी पकड दाखवणारा तो हात, दोघांनी केले एकच. मोबदला ज्यावर ठरतो तेवढेच पुरवले. फरक इतकाच की, यंत्राच्या हाताला लाज नाही आणि उपाशी पोट नाही. आणि माझे काय? मी कुणाला फसवायला निघालो नव्हतो, पण अंदाजपत्रकाशी जुळणारी नोंद केली की वरून प्रश्न येत नाही, हे मी नोकरीत लागताच शिकलो होतो. माझे बक्षीस तेच होते.

हे कळल्यावर माझे माहितीपत्रक बदलले. पहिल्या मसुद्यात मी साधनाला काय काय येते तेवढेच लिहिले होते. दुसऱ्या मसुद्यात त्याला काय येत नाही तेही लिहू लागलो. मदतनिसाला उद्देशून साध्या वाक्यांत लिहिले की, हे साधन मजुरी काढते, पण मातीचा प्रकार ओळखत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो. सांगितलेला नसेल तर 'मऊ मुरूम' असे आपल्या मनाने धरू नकोस. विचार. अंदाजपत्रकातला प्रकार आणि प्रत्यक्ष निघालेला प्रकार वेगळे असू शकतात. दोन्ही विचार. साधनाचे उत्तर म्हणजे कामाची खरी किंमत नव्हे, दिलेल्या मापांवरून निघालेला आकडा आहे. मजुराला आकडा सांगताना कोणती मापे धरली तेही सांग. आकडा आणि बँकेत आलेली रक्कम जुळत नसेल तर मजूर खोटे बोलतो असे समजू नकोस आणि कार्यालयाने लुबाडले असेही ठरवू नकोस. ग्रामरोजगार सेवकाकडे मस्टर आणि तांत्रिक अधिकाऱ्याकडे मोजमाप पाहायला मागता येते, ते सांग. जिथे तुला ठाऊक नाही तिथे ठाऊक नाही म्हण.

भाचा म्हणाला, "मामा, हे तर तुम्ही नव्या कनिष्ठ अभियंत्याला सांगितल्यासारखं लिहिलंय." मी म्हटलं, "अरे, १९८४ साली मला हे कोणी सांगितलं असतं तर!"

भाषेचा प्रश्न राहिलाच. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली भाषा. यंत्रांना मराठी आता बरी येते, पण कोरकूचे लिखाणच थोडे, त्यामुळे ती यंत्राच्या कानावर फारशी पडलेली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदिवाणी' नावाचे भाषांतराचे साधन आणले. सुरुवातीच्या भाषांत संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी होत्या. कोरकू नव्हती. दुष्काळसंहिता इंग्रजीत होती म्हणून आपले पूर्वज तक्रार करीत. कोरकू माणसाच्या दृष्टीने आपली मराठी माहितीपत्रके त्याच जागी आहेत, हे आपण मान्य करायला हवे.

म्हणून मी एक हट्ट धरला. पत्रक यंत्राला देण्याआधी ते कामावरच्या माणसांना वाचून दाखवायचे. या हिवाळ्यात आम्ही दोघे चिखलदरा तालुक्यातल्या एका कामावर गेलो. दुपारची भाकरी खाऊन माणसे झाडाखाली बसली होती. मी एकेक वाक्य मराठीत वाचायचे आणि तिथल्या ग्रामरोजगार सेवकाने ते कोरकूत सांगायचे, असे ठरले. यंत्रासाठी लिहिलेला कागद माणसांना वाचून दाखवताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले, पण त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला. दोन चुकाही काढल्या. एक म्हणजे मी माती वाहून नेण्याचे अंतर सरळ धरले होते. डोंगरात माणूस सरळ जात नाही, पायवाटेने वळसा घालून जातो. दुसरी, पाणी आणायला आणि लहान पोरांना सांभाळायला जी बाई बसते, तिची हजेरी टोळीच्या खणण्याच्या हिशेबात घालायची की वेगळी, हे मी लिहिलेच नव्हते. चाळीस वर्षे त्याच कामात घालवलेल्या माणसाच्या कागदातल्या या चुका.

शेवटी एक तरुण मुलगी बोलली. कॉलेजात शिकते, सुटीत आईबरोबर कामावर आली होती. तिने मराठीतच विचारले, "काका, मशीनला हा दगड आहे असं सांगणार कोण? साहेबच ना?"

मी गप्प झालो. भाचाही गप्प. चाळीस वर्षांपूर्वी टेबलावर ठेवलेला गोटा मला दिसत होता. साधन कितीही चांगले असो, त्याचे वर्णन कितीही नेमके असो, मातीचा प्रकार भरण्याची जागा जर एकाच माणसाच्या हातात राहिली, तर सारा हिशेब त्याच्या घाईवर किंवा मर्जीवर उभा राहणार. तिचा प्रश्न अगदी मुळावरचा होता.

त्या संध्याकाळी चिखलदऱ्याच्या विश्रामगृहात बसून आम्ही पत्रकात आणखी एक परिच्छेद घातला. मातीचा प्रकार मजुरालाही विचार. त्याचे उत्तर आणि वहीतली नोंद यांत फरक असेल तर दोन्ही शेजारी शेजारी मांड, एक पुसून दुसरे ठेवू नकोस. भाच्याने साधनातही तसा बदल केला. आता त्यात मातीच्या प्रकाराच्या दोन जागा आहेत. एक वहीतला मुरूम आणि दुसरा मजुराने सांगितलेला. दोन्ही आकडे निघतात आणि दोन्ही मोठ्याने वाचले जातात. कोणता खरा, ते यंत्र ठरवत नाही. त्यासाठी माणसाने डोंगरावर जाऊन, जमल्यास उजेड असताना, पाहायचे आहे.

मदतनीस अजून चाचणीत आहे. तो चालेल की नाही, मला सांगता येणार नाही. मात्र माझ्या टेबलावर सध्या त्या पत्रकाची एक प्रत आहे आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर त्या दिवशी कामावरून उचलून आणलेला मांजऱ्याचा एक तुकडा ठेवला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)